गाऱ्हाण्याची तालीम नसते

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की माझा फोन वाजायला लागतो. खारेपाटणपासून आचऱ्यापर्यंत जेवढी म्हणून नाटकवेडी मंडळं आहेत, त्या सगळ्यांना एकदमच आठवतं की वेरोनिका टीचर अजून जिवंत आहे. "टीचर, एखादी नवी एकांकिका सुचवा. पात्रां कमी, खर्च कमी. लोकांक हसूक येवक व्हयां, शेवटाक रडूक येवक व्हयां. आणि बक्षीस तर मिळाकच व्हयां." मी म्हणते, मग नाटक कशाला, लॉटरीचं तिकीट काढा.

तरीही सुचवते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि हा उद्योग मागे लागला. हल्ली लिहिणारी मुलंमुली आपल्या संहिता फोनवर पाठवतात आणि मी चष्मा कपाळावर चढवून त्या वाचत बसते. गेल्या दोन वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेली इतकी माणसं मी वाचली, की जिना दिसला तरी हायसं वाटतं. पण दहा संहितांमध्ये एखादी अशी निघते की वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू जातं. ती मी बाजूला काढून ठेवते. मग मंडळ बघायचं, मंडळातली माणसं बघायची, आणि कोणाच्या तोंडात कोणाचे शब्द शोभतील ते ठरवायचं. नांदगावच्या पोरींना मी रेशनच्या रांगेतल्या तीन बायकांची एकांकिका दिली, ती त्यांनी अशी केली की परीक्षकही रांगेत उभे राहिल्यासारखे ताटकळले. माझी निवड सहसा चुकत नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

या वर्षी मात्र आमच्या स्वतःच्या गावाला मी जी एकांकिका सुचवली, ती नाटकाकडे बघून सुचवली नव्हती. मला एक गडगा पाडायचा होता.

गडगा म्हणजे चिऱ्यांची भिंत, आणि हा गडगा बाबू गावकराने आमच्या वाटेवर घातलेला. आमचं घर डांबरी रस्त्यापासून आत आहे. पूर्वी बाबूच्या काजूबागेच्या कडेने रिक्षा थेट आमच्या पायरीपर्यंत यायची. ती वाट त्याच्या आणि आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची. मग बाबू आणि माझा धाकटा भाऊ कॉन्स्टान्सियो यांच्यात फाटलं, आणि त्या वाटेवर चिरे चढले. तेव्हापासून आम्ही शेताच्या मेरेवरून, म्हणजे अरुंद बांधावरून, ये-जा करतो.

दोघांचं फाटलं तेही नाटकावरूनच. कॉन्स्टान्सियो पोस्टात नोकरीला होता, पण त्याचा जीव देवळासमोरच्या रंगमंचावर. नाटकं तो बसवायचा आणि बाबू त्यात काम करायचा. आमच्या गावात क्रिस्तांवाने देवळापुढे नाटक बसवावं यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. आमच्या चर्चच्या फेस्ताला मांडव घालायला गावकर येतात, तसंच हे. दोघं शाळेपासूनचे मित्र. एका वर्षी मालवणला स्पर्धा होती. एकांकिका तासाच्या आत संपवायची, नाहीतर बाद, असा नियम. बाबू रंगात आला. लोक टाळ्या देत होते आणि हा पदरची वाक्यं घालत होता. घंटा वाजली, पुन्हा वाजली, बाबू काही थांबेना. झाली एकांकिका बाद. एसटी स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघताना कॉन्स्टान्सियो सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "घंटी वाजली तरी तुझा तोंड बंद होणा नाय. तू देवळात गाऱ्हाणीच घाल. नाटक तुझा काम न्हय."

आता हे परक्या माणसाला साधं वाटेल. पण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबूच्या घराण्याचा आहे. जत्रा असो, पेरणी असो, कोणाचं लग्न ठरत नसो, देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलायचं ते बाबूने, आणि गावाने मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कॉन्स्टान्सियोने एका वाक्यात त्याचा नट म्हणून अपमान केला आणि घराण्याचा मानही त्यात ओढला. बाबू गाडीत वेगळ्या बाकावर बसला. पुढच्या आठवड्यात चिरे आले.

दोघं धडधाकट होते तोवर मी लक्ष दिलं नाही. पुरुषांची तोंडं फिरली की ती परत वळवायचं काम त्यांचंच. पण गेल्या पावसाळ्यात कॉन्स्टान्सियो मेरेवरून घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामासाठी दवाखान्यात नेमाने आणा, नाहीतर हा माणूस पुन्हा चालणार नाही. आणणार कसं? प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चार जणांनी उचलून, मेरेवरून रस्त्यापर्यंत. दोनदा गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "माका सायबिणीसारखो मिरवत नेव नको. मी नाय येणा." आमच्याकडे सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती अशीच उचलून घरोघरी नेतात. तेव्हापासून तो खिडकीशी बसून राहिला. त्याचे पाय बारीक होत चालले होते, ते मला रोज दिसत होतं.

मी बाबूकडे गेले होते. त्याने चहा दिला, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "टीचर, तेणां स्टँडार जां बोललो, तां परत घेवंदे. मगे बघूया." पूर्वी हाच मला 'बाय' म्हणायचा. मी घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय खोटा बोललंय? घंटी वाजली होती का नाय, तू सांग." मी दोघांनाही मनात चार शिव्या दिल्या.

अशात अक्षयाची संहिता आली. अक्षया नांदगावची, बँकेत कामाला आहे आणि लिहिते फार छान. एकांकिकेचं नाव 'ओहोळापलीकडचा'. ओहोळाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे. मधला साकव, लाकडाचा छोटा पूल, पावसात वाहून गेलेला. तू आधी लाकूड टाक, नाही तू आधी टाक, असं करत दोघांनी वर्षं काढलेली. भांडण विनोदी, पण हसताना आपल्याच गावातली माणसं आठवतात. आणि शेवटी त्यातला एक म्हातारा, जो गावाचा मानकरी असतो, तो देवाला गाऱ्हाणं घालतो की म्हाराजा, आमची बंद वाट मोकळी कर. तिथे पडदा.

मी फोन खाली ठेवला. दूध उतू गेलंच होतं.

आमच्या गावच्या मंडळाचं सध्या गुरुप्रसाद बघतो. तो मालवणात मोबाइलचं दुकान चालवतो, आणि यंदाची तालुक्याची स्पर्धा आमच्याच देवळासमोर भरणार म्हणून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. त्याला मी तीन एकांकिका सुचवल्या. दोन अशा की त्या तो घेणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तिसरी ही. त्याने रात्रीत वाचली आणि सकाळी फोन केला. "टीचर, जबरदस्त! एक म्हातारो आपलो शिवा करतलो. पण मानकऱ्याक कोण?"

"बाबू गावकर," मी म्हटलं.

"तो कित्याक करीत? तेणां नाटक सोडल्यान मा?"

"तू विचार तर खरं."

बाबू हो म्हणाला. मला वाटलं होतं त्याहून लवकर म्हणाला. स्टेजवर यायला जीव किती आसुसला होता ते त्यावरून कळलं, आणि मला थोडी लाजही वाटली. थोडीच.

तालमी सुरू झाल्या आणि पंधरवड्यात गुरुप्रसाद तोंड पाडून माझ्याकडे आला. "टीचर, एक गडबड आसा. बाबूकाका गाऱ्हाणा म्हणतच नाय. तां इला काय हात जोडून उभे रवतत, गप. मगे म्हणतत, 'झाला,' आणि बसतत. मी म्हटलंय, काका, तालमीत म्हणा, माका वेळ मोजूचो आसा. तर म्हणतत, गाऱ्हाण्याची तालीम नसता."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि अक्षयाच्या तरी कुठून येणार? गाऱ्हाणं म्हणजे तोंडपाठ करायचा उतारा नव्हे. ते घातलं की घातलं. चार माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की ते देवापर्यंत पोचलं, असं इथला प्रत्येक माणूस धरून चालतो, शिकलेला असो की नसो. रोज संध्याकाळी सरावासाठी कोणी देवाला हाक मारत नाही. मी अक्षयाला फोन केला. पोरगी बिचारी घाबरली. "टीचर, मी ते बदलून देऊ का? नुसती प्रार्थना करू दे. गाऱ्हाणं नको." शहाणी मुलगी, सरळ वाट काढत होती. मी म्हटलं, "काही बदलू नकोस. तुझा शेवट चांगला आहे." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शेवटाची नाही, गडग्याची काळजी होती. बाबूने गाऱ्हाणं घातलं तर ते खरंच होणार, हे मला आता पक्कं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबू स्वतः आला. आमच्या घरी त्या भांडणानंतर पहिल्यांदा. आणि तोही मेरेवरून, स्वतःच्याच गडग्याला वळसा घालून. पायरीवर बसला. आत कॉन्स्टान्सियो खिडकीशी होता, त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

"टीचर," बाबू म्हणाला, "ह्या नाटक तुमी मुद्दाम धाडलास."

"व्हय," मी म्हटलं. खोटं बोलायला वयही राहिलं नाही.

"मी गावासमोर उभो रवान म्हणलंय, बंद वाट मोकळी कर म्हाराजा, तर गडगो माका पाडूचोच लागतलो. नायतर उद्या देवळात खंयच्या तोंडान उभो रवतलंय?"

"माका तांच व्हयां, बाबू. तेचे पाय जातत. तुका दिसणा नाय?"

"दिसता." त्याने काजूबागेकडे हात केला. "रोज काजूत जातंय तेवा खिडकी दिसता. पण माझा काय? मी गडगो पाडूचो, आणि तेणां काय करूचा? तेचो शब्द तसोच रवतलो? स्टँडार सगळी होती. माझो पोर होतो."

मी इतके दिवस फक्त माझ्या भावाचे पाय बघत होते. बाबूचा मुलगा तिथे होता हे मला आठवलंही नव्हतं. "मग दुसरं नाटक बघूया?" मी विचारलं.

"नाटक बरां आसा," तो उठत म्हणाला. "मी करतलंय." आणि आला तसा मेरेवरून गेला.

तो गेल्यावर कॉन्स्टान्सियोने रेडिओ बंद केला. "काय म्हणा होतो?"

"तुला ऐकू आलं ते."

"रेडिओ लावलेलो."

"बातम्या कोणत्या होत्या सांग मग." त्याने रेडिओ पुन्हा लावला.

स्पर्धेच्या दिवशी देवळासमोर मांडव भरून गेला. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमच्या गावचा नंबर दुपारच्या जेवणानंतरचा निघाला. लाउडस्पीकरचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. मी साडी बदलून निघाले, तोच खिडकीतून हुकूम आला, "बाय, पोरांक बोलव. खुर्ची काढूक सांग."

डॉक्टरकडे जायचं तर सायबीण, आणि नाटकाला जायचं तर खुशाल चार जणांच्या खांद्यावर! मला संताप आला आणि हसूही आलं. मी पोरांना बोलावलं. मेरेवरून डुलत डुलत त्याची स्वारी निघाली, आणि त्यांनी त्याला पहिल्या रांगेच्या कडेला, परीक्षकांच्या शेजारीच नेऊन ठेवलं.

एकांकिका रंगली. शिवाने कधी नव्हे ते शब्द पाठ केले होते. आणि बाबू! इतकी वर्षं हा माणूस काजू फोडत कसा बसला, असं मला वाटलं. लोक हसत होते, मध्येच गप्प होत होते. कॉन्स्टान्सियो ओठ हलवत होता. त्याला संहिता पाठ होती. माझा फोन हा कधी घेत होता, देव जाणे. अक्षया माझ्या बाजूला बसून पदराचं टोक पिळत होती.

मग तो प्रसंग आला. बाबू पुढे आला, त्याने टोपी सारखी केली, हात जोडले, आणि त्याचा आवाज बदलला. नाटकातल्या म्हाताऱ्याचा आवाज गेला. हा देवळातला होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव बोलला. कोणी ठरवलं नव्हतं. चहा वाटणारा धोंडू किटली खाली ठेवून बोलला. मीही बोलले.

"आज ही तुझी लेकरां तुझ्यापुढे इली आसत, तेंका तुझ्या सावलीत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गावात एक वाट बंद आसा म्हाराजा. ती ह्याच हातान बंद केल्यान. चिऱ्यार चिरो ठेवलो, तेवा राग होतो, आता वझा झाला आसा. तो गडगो आज पडतलो रे म्हाराजा!"

संहितेत साकव होता, गडगा नव्हता. अक्षयाने माझ्याकडे बघितलं. पण गावाला सगळं कळलं होतं. यावेळचं "व्हय म्हाराजा" इतकं मोठं आलं की पिंपळावरचे कावळे उडाले. माझं काम झालं होतं.

बाबूचं झालं नव्हतं. "पण म्हाराजा, चिरे काढले म्हणान वाट मोकळी होणा नाय. चार माणसांत एक शब्द पडलो आसा. तो आज इतकी वर्सां माझ्या छातीर आसा. तो जेणां टाकल्यान, तेका..."

टण्ण.

परीक्षकांच्या टेबलावरची घंटा. वेळ संपल्याची. ती दाबणाऱ्या माणसाला तरी काय बोलणार, परगावचा होता, नियमाने वागत होता. विंगेत गुरुप्रसादने डोक्याला हात लावला.

आणि बाबू थांबला. हात जोडलेले, तोंड अर्धवट उघडं, पण शब्द नाही. घंटा वाजली तरी तुझं तोंड बंद होत नाही, असं ज्याला सांगितलं होतं, तो पहिल्या टोल्याला गप्प झाला. तेव्हा मला कळलं की ते वाक्य त्याच्या किती आत जाऊन बसलं होतं. गाऱ्हाणं असं अर्ध्यावर तुटलेलं आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"घंटी बंद कर रे!"

पहिल्या रांगेतून कॉन्स्टान्सियो ओरडला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो अर्धा उठला होता, डॉक्टरांनी बघितलं असतं तर चक्कर आली असती. परीक्षकाचा हात घंटेवरून आपोआप मागे गेला.

"गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता! बाबू, तू थांबा नको. तू बोल. त्या दिसा पण तू बरोच बोला होतंस, लोक टाळये देय होते. मी चुकलंय. सगळ्यांदेखत बोललेलंय, सगळ्यांदेखत परत घेतंय. तू पुरा कर." मग त्याने, गळ्यात क्रूस असलेल्या माझ्या भावाने, हात जोडले आणि एकट्यानेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मला रडू फुटलं. लपवायला पदर पुरला नाही. बाबूने गाऱ्हाणं पुरं केलं. काय बोलला ते मला धड ऐकूच आलं नाही, कारण गाव प्रत्येक वाक्याला ओरडत होतं आणि नाक ओढत होतं.

एकांकिका बाद झाली. मुख्य परीक्षकाने येऊन सांगितलं, फार सुंदर, पण नियम तो नियम. गुरुप्रसाद म्हणाला, ह्या गावाच्या नशिबात बक्षिसाची ढालच नाही. अक्षयाने मला विचारलं, "टीचर, तो शेवट मी संहितेत घालू?" मी म्हटलं, "तुझा साकवच बरा. हे दुसऱ्या गावात होणार नाही."

परत निघालो तेव्हा खुर्ची मेरेकडे वळली नाही. पोरांनी ती सरळ काजूबागेच्या वाटेला नेली. बाबू पुढे होता, तोंडावरचा रंग तसाच, धोतर खोचलेलं. गडग्यापाशी येऊन त्याने पहिला चिरा काढला आणि बाजूला टाकला. शिवा आणि धोंडू हात लावायला धावले. खुर्ची खाली ठेवली गेली.

"वयले पयले काढा रे," कॉन्स्टान्सियो म्हणाला. "मधलो ओढल्यास तर सगळो आंगार येतलो. बाबू, तू डावीकडसून."

बाबू ताठ झाला. कमरेवर हात ठेवून त्याने खुर्चीकडे बघितलं. "तू बस रे गप. हय दिग्दर्शन नको."

कॉन्स्टान्सियो गप्प बसला. जन्मात पहिल्यांदाच असेल. उन्हं काजूवर आली होती आणि चिऱ्यांचा ढीग वाढत होता. पलीकडे आमची पायरी दिसायला लागली.

बाबूने घाम पुसला, तसा कपाळावरचा रंग सगळा गालावर आला. "उद्या सकाळी रिक्षा सांगून ठेवतंय," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "दवाखान्यात हेच्या वांगडा मी जातंय. हेका उचलूक कोण व्हयो मा. आणि गो बाय, उभी काय रवलंस? चाय ठेव."